हमीदा, एकमत आणि बिनआल्याचा चहा

हमीदा,

काल तुझ्या शोकसभेत मला चहाचं बघायला सांगितलं.

तुला याचा अर्थ सांगायला नको. पण हे लिहिलेलं तुझी लेक रुबीना वाचणार आहे, कदाचित वॉर्डातली माणसंही वाचतील, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. मी त्यावर काय केलं ते शेवटी येईल. त्याआधी आपलं भांडण पुरं करायचं आहे, कारण तू ते अर्ध्यावर टाकून गेलीस. ही तुझी जुनी खोड. वादात माझी सरशी व्हायला लागली की तुला दुकानाचं शटर आठवायचं.

आज तुला जाऊन बारा दिवस झाले. तुमच्यात बारावं नसतं हे मला माहीत आहे, पण बोटं आपली मोजत राहतात, त्याला मी काय करू? कबरस्तानात बायका जात नाहीत म्हणून मी फाटकापर्यंत आले आणि तिथेच उभी राहिले. तुझ्या जावेनं हात धरून मला घरी आणलं आणि कोरा चहा दिला. मी तो प्यायले नाही. मला तुझा राग आला होता, अजून आहे, आणि तो जाईपर्यंत रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

आपली ओळख तुझ्या झेरॉक्सच्या दुकानात झाली. मी तेव्हा महापेच्या एका कंपनीत जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करत होते. बोल्ट घट्ट करा, ओल्या हाताने स्पर्श करू नका, आवाज आल्यास यंत्र बंद करा. माझी उमेदीची वर्षं अशा वाक्यांत गेली. एकदा संध्याकाळी एक पुस्तिका घेऊन तुझ्याकडे आले, तर तू पान उलटंसुलटं करून पाहिलंस आणि म्हणालीस, "मॅडम, याची वरची बाजू कंची?" मी हसले. तू हसली नाहीस. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तू श्रीवर्धनकडची, मी साताऱ्याकडची. तुझे मिस्टर आखातातून परत येऊन दुकान टाकून बसलेले, माझे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. नेरूळमध्ये आपण दोघी एका सोसायटीच्या दोन टोकांना राहत होतो आणि तोवर एकमेकींना नुसतं बघत होतो. त्या दिवसानंतर मी रोज संध्याकाळी तुझ्या दुकानात स्टूल ओढून बसायला लागले. भाषा गंजू नये म्हणून मी जपानी वर्तमानपत्र वाचायचे. त्यातलं राजकारणाचं पान मला सर्वांत अवघड जायचं आणि तुला नेमकं तेच हवं असायचं.

"बोल्टचं जाऊ दे," तू म्हणायचीस. "पक्षाचं सांग. त्यांच्यात पन भांडतात का?"

भांडतात, मी म्हणाले, पण त्यांच्याकडे भांडण मिटल्याचं सांगायला शब्द फार आहेत. तिथून आपला तो उद्योग सुरू झाला. मी शब्द सांगायचे आणि तू तो खराब झालेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर देवनागरीत लिहून काउंटरच्या मागच्या भिंतीवर डकवायचीस. पहिला होता 'क्योतो-इच्ची'. सगळा पक्ष उचलून एक करणे. पक्षात फूट पडायची लक्षणं दिसली की तिथले पुढारी हा शब्द काढतात. तू विचारलंस, सगळं बरं चाललेलं असताना कुणी म्हणतं का हा शब्द? मी म्हटलं, मला तरी आढळला नाही. "मंग बरोबर," तू म्हणालीस. "आमचे भाऊ पन एकी-एकी करायला लागले की मी समजते, कुनीतरी चाललाय सोडून."

भाऊ म्हणजे तुमच्या पक्षाचे वॉर्ड अध्यक्ष. त्यांना सगळा वॉर्ड भाऊच म्हणतो.

दुसरा शब्द 'इचिमाइवा'. एकसंध शिळा. गंमत म्हणजे वर्तमानपत्रात हा शब्द बहुतेक वेळा नकार घेऊनच येतो: पक्ष एकसंध शिळा नाही. तुला तो फार आवडला. 'आशिनामी' म्हणजे सगळ्यांची पावलं एका तालात पडणं. 'नेमावाशी' म्हणजे झाड दुसरीकडे लावायचं असेल तर आधी त्याच्या मुळांभोवती हळूहळू खणून ठेवणं, म्हणजे बैठकीआधीच एकेकाला गाठून पटवून ठेवणं. तो ऐकून तू म्हणालीस, हे तर मी रोज करते, मला कुनी जपानी का नाय म्हनत? 'इचिनिन' म्हणजे सगळं साहेबांवर सोपवलं. 'नो-साइड' हा त्यांनी रग्बीतून आणलेला, शिट्टी वाजली की दोन बाजू संपल्या, पुढारी निवडून झाला की रुसवे संपले. आणि 'शिकोरी', म्हणजे ती शिट्टी वाजल्यावरही मनात उरते ती अढी. हा तू भिंतीवर लावला नाहीस. लिहिलास आणि गल्ल्याच्या खणात ठेवलास.

लोक विचारायचे, हे कसले मंत्र लावलेत? तू बिनदिक्कत सांगायचीस, आमच्या मॅडम पक्षाला एकी शिकवतायत. मी कधी कुठल्या पक्षाच्या वर्गणीची पावतीसुद्धा फाडली नव्हती. पण तुझ्या दुकानात बसून सगळ्या पक्षांवर बोलायला मला मज्जाव नव्हता आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला असं बोलायचे. तू ऐकून घ्यायचीस. तेवढा वेळ तुझ्या मशिनचा आवाज चालू असायचा.

आता चहाचं.

तुमच्या वॉर्ड कमिटीत तू तीस वर्षं होतीस. अकरा माणसं, लांबट खोली, मागच्या पॅसेजमध्ये गॅसची शेगडी. तुमचा नियम असा की वॉर्डातला ठराव एकमताचा असेल तरच वर जातो. एक जरी हात उलटा पडला तर परत चर्चेला येतो. एखाद्या ठरावाला तुझा विरोध असला की तू बोलून घ्यायचीस, तावातावानं बोलायचीस, आणि हात वर करायची वेळ आली की भाऊ चष्मा पुसत म्हणायचे, "हमीदाताई, जरा चहाचं बघता का?" तू उठायचीस. तू पॅसेजमध्ये असताना इकडे ठराव पास व्हायचा. एकमताने. मग तू ट्रे घेऊन आत यायचीस आणि पुढचा विषय सुरू व्हायचा. चहा कधी दुसऱ्या कुणी केला नाही, कारण दुसऱ्या कुणी एवढा विरोध कधी केला नाही.

हे तू मला सांगितलं नव्हतंस. मी तुला एक दिवस नवा शब्द सांगत होते, 'झेनकाई-इच्ची', सभेत हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत. तिकडच्या एका जुन्या पक्षात वरिष्ठांच्या बैठकीत मतं मोजायची रीत नाही, सगळ्यांची संमती लागते. मग ज्याला पटत नाही तो काय करतो? आपलं म्हणणं मांडतो आणि निर्णयाच्या वेळी उठून बाहेर जातो. कुणी शौचालयात, कुणी पाणी प्यायला. तेवढ्यात आतल्यांचं एकमत होऊन जातं. मी हे मजेत सांगत होते. तुझा हात कागदावर थांबला. मशिनमधून तीन-चार प्रती जास्तीच्या निघून गेल्या.

मग म्हणालीस, "सुनंदा, ते परत येताना चहा घेऊन येतात का?"

आणि तेव्हा सगळं सांगितलंस. मी फिदीफिदी हसायला हवं होतं, पण मला संताप आला. इतकी फटकळ बाई, अख्ख्या मार्केटला धाकात ठेवणारी, आणि मतदानाच्या वेळी शेगडीपाशी? मी म्हटलं, याला एकी म्हणत नाहीत, याला शेपूट घालणं म्हणतात. तुझा विरोध कुठल्या कागदावर आहे, दाखव मला. तीस वर्षांत एका तरी ठरावावर तुझं नाव उलट्या बाजूला आहे का?

तू रागावली नाहीस. तेच मला जास्त लागलं. तू म्हणालीस, "आत बसून हात वर नाय केला तर काय हुईल? एक ठराव अडेल. मंग पुढच्या मीटिंगचा निरोपच यायचा नाय. बाहेर गेले म्हनून मला परत आत जाता येतं. तू कधी आत गेलीच नायस, तुला काय म्हाईत दाराची किंमत."

 

आणि मग तू एक गोष्ट सांगितलीस, जी तुझ्या पक्षात भाऊंनासुद्धा कळली नव्हती. एरवीच्या बैठकीत तू चहात आलं किसून घालायचीस. पण ज्या दिवशी तुला बाहेर काढलं जायचं त्या दिवशी आलं नाही. बिनआल्याचा चहा. दहा माणसं तो पीत एकमताचं कौतुक करायची आणि तू दारात उभी राहून त्यांचे चेहरे बघायचीस. "तोंडं वाकडी व्हतात," तू म्हणालीस, "पन कारन कुनाला समजत नाय." मी म्हटलं, हा कसला पोरकट विरोध? तू म्हणालीस, विरोध नाय, मला ध्यानात ऱ्हावं म्हनून. आपन 'नाय' बोललेलो, हे आपल्या जिभेला तरी म्हाईत असावं.

आपलं भांडण इथून सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. मी आत बस म्हणायचे, तू बाहेर जायचीस. आणि बाहेर जाऊन, परत आत येऊन, तू मच्छी मार्केटमधल्या बायकांसाठी शौचालय बांधून घेतलंस. शाळेपुढचा गतिरोधक करून घेतलास. माझे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा ऑक्सिजनचं सिलिंडर तू भाऊंच्या गाडीतून आणलंस, स्वतः जिन्यावरून चढवलंस, आणि त्याच आठवड्यात तू भाऊंना बिनआल्याचा चहा पाजला होतास. माझे वडील माथाडी, आयुष्यभर पोती वाहिलेली, त्यांनी सिलिंडर बघून विचारलं, "ह्ये वर कुनी आनलं?" तुझं नाव सांगितलं तर म्हणाले, "पाठ चांगली हाय पोरीची." याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. त्या सिलिंडरबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तुझ्या चहाबद्दल मात्र टोमणे मारत राहिले.

म्हणून पुढचं लिहायला मला जड जातंय.

सारसोळ्याच्या जेट्टीजवळची मोकळी जागा. कोळी लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या जाळी सुकवतात, बायका मासळी सुकवतात. ती घेऊन तिथे पार्किंग करावं, असा ठराव कमिटीपुढे यायचा होता. तिथली कोळीण गुलाबबाय तुझ्या दुकानात येऊन बसली होती, तिचं बोलणं माझ्या कानात अजून आहे. "आमाला कुनी इचारलं काय? जाली काय डोक्यावर सुकवू? तुज्या कमिटीला सांग, हमीदाबाय." तू तिला शब्द दिला नाहीस. तू शब्द पटकन द्यायची नाहीस. तिला फक्त पाणी दिलंस आणि ती गेल्यावर बराच वेळ भिंतीवरचे कागद बघत बसलीस.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी आले. तुझा चेहरा उतरलेला होता. डॉक्टरांनी अँजिओग्राफी करायला सांगितली होती आणि तू ती महिनाभर लांबवत होतीस, हे मला रुबीनाकडून कळलं होतं. तू म्हणालीस, उद्या मी उठनार नाय. आतच बसनार.

इतकी वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघितली ते तू बोललीस आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हमीदा, या वेळी जा बाहेर. तब्येत बघ. चहा कर आणि घरी ये."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. "तू? तू सांगतेस?"

"हो, मीच सांगते. तो ठराव आज नाही तर उद्या होणारच. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

तू म्हणालीस, "दार बंद झालं तरी चालंल आता. गुलाबबायची जागा गेल्यावर मी आत येऊन करू काय?" आणि शटर ओढलंस. या वेळी वादात माझी सरशी होत नव्हती, तरी ओढलंस.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते मला पवारकाकांनी सांगितलं. पवारकाका तुमच्या कमिटीचं इतिवृत्त लिहितात, माझ्या वडिलांबरोबर मार्केटात होते, एका पेठेत, हमालांच्या एका टोळीत. ते म्हणाले, भाऊंनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, हमीदाताई, जरा चहाचं बघता का? तू म्हणालीस, "आज चहा दुसऱ्यानं बघा." बास. एवढंच. दहा हात वर, एक खाली. तू चहा केला नाहीस म्हणून कुणालाच चहा मिळाला नाही.

त्यानंतर अकरा दिवस तू होतीस. आपण भेटलो, बोललो, भाजीचे भाव, रुबीनाची परीक्षा, सगळं बोललो. त्या संध्याकाळचं बोललो नाही. मला म्हणायचं होतं की माझं चुकलं. मला म्हणायचं होतं की तू आत बसलीस हे ऐकून मी घरात एकटीच मोठ्यानं हसले आणि मग घाबरले. हे सगळं मी अँजिओग्राफीनंतर बोलायचं ठरवलं होतं. अँजिओग्राफीची तारीख आली तेव्हा तू नव्हतीस.

आता लोक म्हणतात, त्या मीटिंगच्या टेन्शननं गेली. मला दोघातिघांनी हे ऐकवलं, जणू काही समजुतीच्या गोष्टी सांगतायत. मी त्यांना सांगितलं, तिचं हृदय त्या बैठकीच्या कितीतरी आधीपासून थकलेलं होतं. तीस वर्षं गप्प बसून चहा केला त्यानं थकलं असेल, कशावरून नाही?  खरं सांगायचं तर कशानं थकलं ते मलाही माहीत नाही. पण तू आत बसलीस त्याची किंमत म्हणून तुझा जीव गेला, असं मी कुणाला म्हणू देणार नाही. तुझ्या एका चांगल्या दिवसावर कुणी असा बोळा फिरवायचा नाही.

आता काल.

शोकसभा त्याच लांबट खोलीत होती. तुझा फोटो, हार, उदबत्ती. रुबीनानं उदबत्ती बाजूला सरकवली, कुणाला कळणार नाही अशी. भाऊ आधीच भेटले. त्यांचे डोळे सुजलेले होते आणि ते नाटक नव्हतं. भाऊ वाईट माणूस नाहीत, हमीदा. तुला इस्पितळात न्यायला त्यांचीच गाडी आली होती. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही दोन शब्द बोला. पण तेवढा जेट्टीचा विषय नको. माणूस गेलं, आता सगळे एक आहोत असं दिसू द्या."

मी म्हटलं, बघू.

मग त्यांनी शोकठराव वाचला. भाषा चांगली होती, कष्ट घेऊन लिहिलेली. तुझं झेरॉक्सचं दुकान, बायकांसाठीची कामं, सगळं होतं. आणि शेवटी एक वाक्य: हमीदाताईंनी पक्षाच्या प्रत्येक ठरावाला अखेरपर्यंत एकमताने साथ दिली.

अखेरपर्यंत. मला आधी वाटलं, शोकसभेत बोलायची रीत म्हणून लिहिलं असेल. मग लक्षात आलं. जेट्टीच्या बैठकीच्या इतिवृत्तावर अजून सही झालेली नाही. पवारकाकांनी त्यात 'एक विरोध' लिहून ठेवलंय, म्हणून ठराव वर जात नाही. आता तुझ्या नावानं, उभं राहून, दोन मिनिटं शांततेत हे वाक्य मंजूर झालं की तो एक विरोध खोडायला कितीसा वेळ लागणार? मेलेल्या माणसाची नेमावाशी करत होते ते. मुळांभोवती खणून झालं होतं, आता नुसतं उचलायचं होतं.

मी खुर्चीत सरसावून बसले. भाऊंनी ते बघितलं. इतक्या वर्षांनी अशा बसण्याचा अर्थ त्यांना ओळखता येतो. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, जरा चहाचं बघता का?"

मी पक्षाची नाही. मला मत नाही. तरी मला उठवायला हवं असं त्यांना वाटलं, म्हणजे बघ.

मी म्हणाले, "चहा तुम्ही बघा, भाऊ. मी बसलेय."

 भाऊंनी चष्मा चढवला आणि म्हणाले, ठीक आहे, आपण सगळे उभे राहून ठराव मंजूर करू. खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. मी बसून राहिले. हमीदा, माझ्या जिवलग मैत्रिणीच्या शोकसभेत सगळी खोली उभी आणि मी एकटी बसलेली, आणि समोर तुझा फोटो. कुणीतरी मागून म्हणालं, काय ही बाई, मयताचा तरी मान राखावा. मी मागे न बघता म्हणाले, "मानच राखतेय. ते शेवटचं वाक्य काढा, मी सगळ्यांच्या आधी उभी राहते."

"मॅडम, आज हे बरोबर दिसतं का?" भाऊ म्हणाले.

"ती तुमच्यासमोर या खोलीत बसून नाही म्हणाली. तीस वर्षांत एकदा. तेवढं एक तिच्याकडून काढून घेऊ नका, भाऊ."

मागे खुर्ची करकरली. गुलाबबाय परत खाली बसली होती. तिनं पदर सारखा केला आणि मांडीवर हात ठेवून बसली. मग रुबीना बसली. तुझ्या पोरीच्या चेहऱ्यावर तुझा तो मार्केटमधला भाव होता, मासळीवाल्यालाही घाबरवणारा.

पवारकाका वही घेऊन उभे होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, "भाऊ, तीन मानसं बसल्याली हायत. एकमतानं असं मला लिव्हता यायचं न्हाई."

"काका, तुम्ही पण?"

"आमी मार्केटात पोतं मोजताना कदी मापात पाप केलं न्हाई. हितं कशाला करू? आन ऐका." त्यांनी वहीची मागची पानं उलटली. मला वाटलं होतं तुझा विरोध कुठल्याच कागदावर नाही. मी तुला तसं किती वेळा हिणवलं होतं. पण अशा प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात, हजेरीच्या रकान्यात, बारीक अक्षरात त्यांनी लिहून ठेवलं होतं: ह. ताई मतदानावेळी बाहेर. ओळीनं वाचत गेले ते. दुकानगाळे, ह. ताई बाहेर. रस्त्याचं नाव, ह. ताई बाहेर. उमेदवारी, ह. ताई बाहेर. पानांमागून पानं. "कोन आलं, कोन गेलं, ते लिव्हायचं आसतं," काका म्हणाले. "आन च्यात आलं नसायचं. मला वाटायचं, कवातरी कुनीतरी इचारंल."

हमीदा, तुला वाटत होतं कुणालाच कळत नाही. एका माणसाला पहिल्यापासून कळत होतं आणि तो दर वेळी तो चहा गपचूप पीत होता.

भाऊ खाली बसले.  मग त्यांनी ठरावाचा कागद काकांकडे सरकवला आणि म्हणाले, "काय लिहायचं ते लिहा." त्यांच्या आवाजात राग होता आणि आणखीही काहीतरी होतं. शिकोरी म्हणता येईल त्याला. ती राहणार. राहू दे.

काकांनी ते वाक्य खोडलं. वर लिहिलं आणि वाचून दाखवलं: हमीदाताईंनी आपल्या शेवटच्या ठरावाला आत बसून विरोध केला. भाऊंनी खाली सही केली. मग मी उभी राहिले. गुलाबबाय उभी राहिली, रुबीना उभी राहिली, भाऊ उठले, आणि दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही.

जेट्टीची जागा वाचली असं मी तुला सांगणार नाही. ठराव परत चर्चेला येईल. भाऊ पुन्हा मुळांभोवती खणतील आणि गुलाबबाय पुन्हा दारात येऊन बसेल. तेव्हा मी तिच्या शेजारी असेन. पक्षात यायची नाही, पण खोलीत येणार. दाराची किंमत मला माहीत नव्हती, बरोबर होतं तुझं. आत बसून नाही म्हणायला काय लागतं तेही माहीत नव्हतं, आणि तुला सल्ले देत होते. त्या संध्याकाळी तुला बाहेर जा म्हणाले, ते शब्द मी मागे घेते. तू असताना घ्यायला हवे होते.

दोन मिनिटं संपली. लोक बसले, घसे खाकरले. भाऊंनी माझ्याकडे बघितलं पण या वेळी काही म्हणाले नाहीत. तेव्हा मी आपणहून उठले आणि पॅसेजमध्ये जाऊन शेगडी पेटवली. तुझी किसणी तिथेच खुंटीला होती. तुझ्या डब्यात आलं होतं, थोडं सुकलेलं.

ते सगळं किसून घातलं.